नाण्याचे निकटछायाचित्रण आणि इतिहासाचा पुरावा : जोगलटेंभी निधीच्या संदर्भात प्रकाश व भिंग योजनेचा अभ्यास

सारांश

नाणे हे प्राचीन इतिहासाचे प्रथम दर्जाचे साधन आहे. परंतु बहुसंख्य अभ्यासकांना प्रत्यक्ष नाणे हाताळावयास मिळत नाही. त्यांच्यासमोर येते ते नाण्याचे चित्र. हे चित्र कोणत्या प्रकाशात व कोणत्या भिंगातून घेतले गेले, यावर नाण्यावरील लेखाचे वाचन बऱ्याच अंशी अवलंबून असते. प्रस्तुत शोधनिबंधात नाणेचित्रणाच्या वाटचालीचा थोडक्यात आढावा घेऊन, नहपानाच्या पुनर्मुद्रांकित नाण्यांच्या आधारे प्रकाश व भिंग योजनेचे विवेचन केले आहे. तसेच बारवी धरण व उल्हास खोऱ्याच्या परिसरातील महाविद्यालयांना ही पद्धती कशी उपयोगी पडेल, याचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : नाणकशास्त्र, निकटछायाचित्रण, पुनर्मुद्रांकन, सातवाहन, क्षहरात, उल्हास खोरे.

प्रस्तावना

उल्हास नदीची उपनदी असलेल्या बारवीवर बदलापूरजवळ महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने १९७२ साली धरण बांधले. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यातील वस्ती व कारखानदारी या पाण्यावर उभी राहिली. पुढे धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली आणि काही गावे व पाडे जलाशयाखाली गेले. आज हा परिसर औद्योगिक म्हणून ओळखला जात असला, तरी त्याचा इतिहास फार जुना आहे. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा असून तो शिलाहार काळातील आहे. त्याच्याही एक सहस्र वर्षे आधी कल्याण हे बंदर भरभराटीस आले होते. कान्हेरीच्या लेण्यांतील लेखांत कल्याणच्या दात्यांचे उल्लेख आढळतात. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात तर कल्याणच्या व्यापारावर निर्बंध आले असून तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात, असे नमूद आहे.

कोकणातील बंदरे आणि देशावरील बाजारपेठा यांना जोडणारा नाणेघाटाचा मार्ग कल्याणकडेच उतरत असे. या घाटाच्या माथ्यावरील दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, अशी लोकस्मृती आहे. बंदरे व घाट यांवरील ताब्यासाठी क्षहरात व सातवाहन यांच्यात जो संघर्ष झाला, त्याचा सर्वांत बोलका पुरावा नाशिक जिल्ह्यात सापडलेल्या नाण्यांवर उमटला आहे. म्हणून या निबंधाचा केंद्रबिंदू जोगलटेंभीचा निधी हा ठेवला आहे.

उद्दिष्टे

१) नाणेचित्रणाच्या पद्धतीत झालेले बदल पाहणे.
२) पुनर्मुद्रांकित नाण्यांच्या संदर्भात प्रकाशाची दिशा व वाचन यांचा संबंध स्पष्ट करणे.
३) महाविद्यालयीन स्तरावर वापरता येईल अशी प्रकाश व भिंग योजना मांडणे.

रेखाटनाकडून छायाचित्राकडे

भारतीय नाण्यांच्या अभ्यासाचा पाया एकोणिसाव्या शतकात घातला गेला तो हस्तरेखाटनांवर. कलकत्त्याच्या टांकसाळीत धातुपरीक्षक असलेल्या जेम्स प्रिन्सेपने १८३० च्या दशकात नाण्यांचे फलक स्वतः कोरून प्रसिद्ध केले. ब्राह्मी व खरोष्ठी लिपींच्या उलगड्यात या फलकांतील नाण्यांचा मोठा वाटा होता. तथापि रेखाटनाची एक मर्यादा आहे. रेखाटणारा जे समजतो तेच काढतो. अस्पष्ट अक्षर त्याच्या हातून एकतर सुस्पष्ट होते, नाहीतर गळून पडते. दोन्ही प्रकारांत वाचकाला संशय घेण्यास जागाच उरत नाही.

मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली आणि पश्चिम भारतात या कलेचा प्रसार झाला. परंतु लेणी व मंदिरे टिपणाऱ्या कॅमेऱ्याला नाणे सहजासहजी वश झाले नाही. नाणे लहान, चकाकणारे आणि अत्यल्प उठावाचे असते. चांदीवरील चकाकीत अक्षरे हरवतात, तर काळवंडलेल्या तांब्यावर ती दिसतच नाहीत. त्यावर तोडगा म्हणून नाण्याचा प्लास्टरचा साचा घेऊन त्याचे छायाचित्र काढण्याची पद्धत रूढ झाली. रॅप्सन यांची आंध्र व पश्चिम क्षत्रप नाण्यांची १९०८ ची सुप्रसिद्ध तालिका याच परंपरेतील आहे. साचा शुभ्र व निस्तेज असल्याने उठाव नीट दिसतो. मात्र धातूचा रंग, गंज, झीज व कोरडा ओरखडा यांतील फरक साच्यात नाहीसा होतो. म्हणजेच रेखाटनातील मानवी निवड गेली, तरी पुराव्याचा एक थर गळलाच.

जोगलटेंभीचा निधी : एका नाण्यावर दोन राजे

१९०६ साली जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा निधी सापडला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्याचा अभ्यास करून तो मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. या निधीत सुमारे १३,२५० नाणी होती व त्यांपैकी सुमारे ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. मूळ नाणी क्षहरात राजा नहपानाची. त्यांच्या एका बाजूस राजाचे मस्तक व त्याभोवती ग्रीक लिपीतील लेख, तर दुसऱ्या बाजूस बाण व वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख असतात. गौतमीपुत्राच्या ठशात कमानींची टेकडी व राजाच्या नावाचा ब्राह्मी लेख, आणि दुसऱ्या बाजूस उज्जैन चिन्ह येते.

या नाण्यांचे ऐतिहासिक मोल दोन थरांच्या एकत्र असण्यात आहे. नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या लेखात तिच्या पुत्राने क्षहरात वंश निर्मूल केल्याचे म्हटले आहे. प्रशस्तीतील या विधानाला धातूची साक्ष मिळाली ती याच निधीमुळे. नहपान व गौतमीपुत्र यांच्या दरम्यान दुसऱ्या राजाची नाणी निधीत नाहीत, यावरून दोघांचा काळ परस्परांना लागून असावा, असा निष्कर्ष बहुसंख्य अभ्यासकांनी काढला. स्कॉट यांनी आणखी एक बाब नोंदविली. निरनिराळ्या नाण्यांवरील मस्तकांचे वय व चेहरेपट्टी इतकी भिन्न आहे की ती सर्व एकाच व्यक्तीची मानणे कठीण जाते. ही चर्चा सर्वस्वी चेहऱ्याच्या रेषांवर, म्हणजे अखेरीस त्या रेषा दाखविणाऱ्या प्रकाशावर अवलंबून आहे.

प्रकाशाची दिशा आणि वाचन

उठावाची रेषा छायेमुळे दिसते. प्रकाश रेषेला काटकोनात आला तर छाया गडद पडते. रेषेला समांतर आला तर छाया जवळजवळ पडतच नाही. एकाच दिव्याने घेतलेल्या छायाचित्रात म्हणूनच काही रेषा ठळक होतात व काही लुप्त होतात. ब्राह्मी ‘न’ ला उभी रेघ व तळाशी आडवी रेघ असते. ही तळाची रेघ प्रकाशाला समांतर असल्यास ती पुसट होऊन केवळ उभी रेघ उरते व भलत्याच अक्षराचा भास होतो. नाण्यावरील लेख कडेने वर्तुळाकार फिरत असल्याने तेच अक्षर एका ठिकाणी नीट तर दुसऱ्या ठिकाणी सदोष दिसू शकते. पुनर्मुद्रांकित नाण्यात हा धोका दुणावतो. वरचा ठसा ठळक करणारा प्रकाश खालच्या ठशाचे अवशेष झाकून टाकतो. तसेच प्रकाश खालच्या बाजूने आल्यास उठाव खोलगट भासतो, कारण प्रकाश वरून येतो असे डोळा गृहीत धरतो. यासाठी मुख्य चित्रात प्रकाश डाव्या वरच्या बाजूने घेण्याचा संकेत पाळणे श्रेयस्कर.

व्यवहारात तीन प्रकारच्या प्रकाशयोजना उपयुक्त ठरतात. पहिली तिरप्या प्रकाशाची. दिवा नाण्याच्या पातळीपासून सुमारे १० ते २० अंशांवर ठेवल्यास झिजलेली अक्षरेही उमटतात. नाणे व कॅमेरा न हलविता दिवा चार दिशांना नेऊन चार चित्रे घेतल्यास कोणतीच रेषा सर्व चित्रांत लुप्त राहत नाही. दुसरी योजना विखुरलेल्या प्रकाशाची. नाण्याभोवती पांढऱ्या कागदाची नळी उभारून बाहेरून प्रकाश दिल्यास चकाकी निवते व धातूचा रंग आणि गंज यांची खरी नोंद होते. तिसरी अक्षीय प्रकाशाची. भिंग व नाणे यांच्यामध्ये पातळ स्वच्छ काच ४५ अंशांत धरून बाजूने प्रकाश दिला असता तो काचेवरून नाण्यावर सरळ खाली उतरतो. सपाट भाग उजळतात, उतार काळे होतात. समोरच्या बाजूस काळे कापड लावून भरकटणारा प्रकाश अडवावा लागतो. काच प्रकाशाचा अल्प अंशच खाली वळवीत असल्याने प्रकाशनकाळही वाढवावा लागतो. चकाकी टिकलेल्या चांदीच्या नाण्यास ही योजना मानवते. गंजलेल्या, खरखरीत नाण्यास तिचा फारसा लाभ नाही.

भिंगाची योजना

नहपानाचे नाणे साधारणतः १५ ते १८ मिलिमीटर व्यासाचे असते. ३६ मिलिमीटर रुंद संवेदक असलेल्या कॅमेऱ्यात मॅक्रो भिंगाने १:१ प्रमाणात घेतले असता १८ मिलिमीटरचे नाणे संवेदकावर तेवढेच पडते. संवेदकाच्या रुंदीत ६,००० चित्रबिंदू असल्यास नाण्याच्या वाट्याला ३,००० बिंदू येतात. १:१ प्रमाणात ५० मिलिमीटर भिंगापासून नाणे साध्या गणिताने १०० मिलिमीटरवर येते व भिंगाचीच सावली त्यावर पडते. १०० मिलिमीटर भिंगात हे अंतर २०० मिलिमीटर होऊन दिवा फिरविण्यास जागा मिळते. मॅक्रो भिंग नसल्यास साध्या भिंगामागे विस्तारनळ्या लावता येतात. ५० मिलिमीटर भिंगामागे ५० मिलिमीटर विस्तार दिल्यास १:१ प्रमाण साधते.

या प्रमाणात एफ ८ छिद्र ठेवल्यास सुस्पष्टतेची खोली सुमारे १ मिलिमीटर मिळते. नाणे अवघे ३ अंशांनी कलले, तरी १८ मिलिमीटर व्यासावर जवळपास तेवढाच फरक पडतो व एक कड अस्पष्ट होते. म्हणून कॅमेरा उभ्या खांबावर पक्का करून नाण्याच्या जागी लहान आरसा ठेवावा. भिंगाचे प्रतिबिंब बरोबर मध्यभागी दिसले की पातळी जुळली असे समजावे. छिद्र फार लहान करूनही चालत नाही. १:१ प्रमाणात एफ ८ हे प्रत्यक्षात एफ १६ सारखे वागते, व त्यापुढे प्रकाशाच्या विवर्तनाने बारीक रेषा बोथट होतात.

२००१ साली टॉम माल्झबेंडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दिशांच्या प्रकाशातील चित्रे संगणकावर एकत्र करण्याची रीत मांडली. तीत वाचक स्वतः पडद्यावर प्रकाशाची दिशा बदलून पाहू शकतो. कॅमेरा स्थिर आणि दिवा फिरता हे तिचे मूळ तत्त्व वर सांगितलेल्या चार चित्रांच्या पद्धतीहून वेगळे नाही.

स्थानिक उपयोजन

उल्हास खोऱ्यात बांधकाम, रस्ते व जलाशय यांमुळे जमीन सतत उलथली जाते. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. असे असले तरी एकेकटे नाणे अनेकदा घराच्या देव्हाऱ्यात जाते. ‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ ही अक्षरे असलेल्या शिवराया अशाच कित्येक घरांत पूजेत आहेत. रोजचे प्रक्षालन व हळदकुंकू यांनी त्यांची अक्षरे झिजत जातात. अशा नाण्यांवर हक्क न सांगता, ती न घासता, मालकाच्या संमतीने त्यांचे छायाचित्रण करणे हे महाविद्यालयाच्या इतिहास विभागास सहज शक्य आहे. भौतिकशास्त्र विभागाचे सहकार्य घेतल्यास प्रकाश व भिंग यांची योजना प्रयोगशाळेतील साहित्यातून उभी राहू शकते. नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० साली स्थापन झालेल्या भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्थेसारख्या केंद्रांचे मार्गदर्शनही या कामी मोलाचे ठरेल.

निष्कर्ष

१) नाण्याचे छायाचित्र हे नाण्याची तटस्थ प्रतिकृती नसून प्रकाशाच्या एका निवडीचे फलित आहे.
२) पुनर्मुद्रांकित व झिजलेल्या नाण्यांच्या बाबतीत एकाच चित्रावरून केलेले वाचन अपुरे मानले पाहिजे. किमान चार दिशांची चित्रे व एक विखुरलेल्या प्रकाशातील चित्र आवश्यक आहे.
३) प्रत्येक चित्रासोबत मोजपट्टी, वजन, भिंग, छिद्र व प्रकाशाची दिशा आणि उंची यांची नोंद असावी. लेखाच्या वाचनाइतकीच ही नोंदही तपासता आली पाहिजे.
४) निधी विखुरतात व नाणी झिजतात. त्यानंतरच्या अभ्यासकापाशी चित्र हेच मूळ साधन उरते. म्हणून ते घेण्याची जबाबदारी इतिहासलेखनाचाच भाग ठरते.