परभणीकडच्या गोधडीची शिवण

परभणी जिल्ह्यात गोधडी शिवताना शिवणीवर इस्त्री फिरवण्याची रीत नव्हती. याचे कारण बहुतेक लोक गरिबीत शोधतात: इस्त्री नव्हती, कोळसा परवडत नव्हता, आणि फाटक्या लुगड्यांच्या वाकळीला कोण एवढी निगा करणार? हे उत्तर मला पटत नाही. गोधडी ज्या क्रमाने शिवली जाते, त्या क्रमातच शिवण बसवण्याचे काम होऊन जाते, त्यामुळे इस्त्रीला तिथे जागाच उरत नाही. या कलेचा लेखी इतिहास नसल्यासारखाच आहे. शिवणाऱ्या बायकांनी काही लिहून ठेवले नाही आणि तेव्हा या मुलखावर राज्य करणाऱ्या निजामाच्या दप्तराला वाकळीशी देणेघेणे नव्हते. म्हणून पुरावा शोधायचा तो वस्तूतच, टाक्यांत आणि दुमडीत.

फरक नीट कळायचा तर त्रिकोणाचे उदाहरण घ्यावे. चौकोनी तुकडा कर्णावर कापला की दोन त्रिकोण होतात. एक गडद आणि एक फिका त्रिकोण जोडून पुन्हा चौकोन करायचा, असे अनेक चौकोन जोडून आधी सगळा वरचा पदर तयार करायचा, मग त्याखाली कापूस आणि अस्तर घालून टाके मारायचे, ही अमेरिकी गोधडीची पद्धत. तिथे शिवणीची बाब खरोखर अवघड होते. त्रिकोणाची कापलेली बाजू तिरकी असल्याने ताणते आणि वाकते. चार-आठ टोके एका बिंदूला भेटतात तिथे कापडाची गाठ उठते. शिवणीसाठी सोडलेले कापड फिक्या बाजूला वळले तर गडद सावली वर दिसते, म्हणून ते गडद बाजूला दाबायचे. हातशिलाईत शिवण दोन्हीकडे उघडली तर सगळा ताण एकट्या दोऱ्यावर येतो आणि फटीतून आतला कापूस डोकावतो, म्हणून दोन्ही पदर एकाच बाजूला वळवायचे. हे सगळे नियम शहाणपणाचे आहेत, पण ते आधी जोडून मग थर लावण्याच्या क्रमातून जन्मले आहेत. आपल्याकडे क्रम उलटा. आधी जुने धोतर किंवा लुगडे अंथरायचे, त्यावर आणखी थर पसरायचे, आणि तुकडा त्या थरांवर ठेवून, त्याची कड आत दुमडून, नखाने घडी पाडून, सगळ्या थरांतून धावदोरा घालत जायचे. इथे दुमडलेले कापड आपल्याच तुकड्याखाली राहते. गडद तुकड्याची दुमड गडद तुकड्याखाली, त्यामुळे सावलीचा प्रश्न नाही. त्रिकोणाची तिरकी बाजू सुटी हातात राहत नाही, ती थरांवर टाचली जाते, म्हणून ताणत नाही. ओळीला ओळ लागून जाणारा धावदोरा शिवणीला आयुष्यभर दाबून धरतो. शेजारच्या कर्नाटकात, हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायकांची कवंदी ही गोधडी याच तत्त्वावर शिवली जाते. कडेने सुरुवात करून, दुमडलेले तुकडे एकावर एक चढवत त्या मधोमध पोचतात. बंगालच्या कांथ्यातही जुन्या कापडाचे थर धावदोऱ्यानेच एकजीव होतात.

आता गरिबीचा आक्षेप. साधने नव्हती म्हणून इस्त्री केली नाही, हे म्हणणे टिकत नाही, कारण दाबून शिवण बसवण्याची विद्या याच मुलखात होती. शिंप्याकडे आणि परटाकडे कोळशाची इस्त्री असे. घरात तांब्यात निखारे घालून त्याच्या बुडाने कापड सारखे करता येई. संत नामदेव शिंपी कुळातले, आणि त्यांचे मानले जाणारे नरसी गाव 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. शिंपीकाम या भूमीला किती जुने परिचित आहे, हे सांगायला एवढे पुरे. फाटक्या लुगड्याचा मधला भाग काढून उरलेले दोन भाग जोडताना घातलेला दंड अंगाला टोचू नये, यासाठीही बायका मेहनत घेत. ज्यांना नेसत्या वस्त्राची शिवण सपाट करता येत होती, त्यांना गोधडीची करता आली नसती असे मानण्यात त्यांच्या हातावर अन्याय आहे.

गरिबीचा हात मला दिसतो तो दुसऱ्या ठिकाणी, गोधडीच्या पोटात. परभणी हा कापसाचा जिल्हा. काळ्या जमिनीत गावरानी कापूस पिके, सेलू आणि मानवतच्या बाजारात विकला जाई, आणि 1900 च्या सुमारास गोदावरी खोऱ्यातली रेल्वे आल्यावर गाठी दूरच्या गिरण्यांकडे जाऊ लागल्या. घरचा कापूस म्हणजे सारा आणि सावकार भागवण्याचे रोख साधन. पिंजाऱ्याकडून पिंजून भरलेली रजई ज्याला जमे त्याने केली. बाकीच्यांच्या अंथरुणात कापूस परत आला तो कापड होऊन, अंगावर वापरून, झिजून. पण या टंचाईतूनच घडणीला बळ मिळाले. आत सुटा कापूस नसल्याने तो शिवणीतून बाहेर येण्याची भीती नाही, आणि नदीवर दगडावर आपटली तरी वाकळीचे थर सरकत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गावोगाव शिलाई मशीन पोचले, तेव्हापासून शिंप्याच्या दुकानातल्या कात्रणांचे त्रिकोण मशीनवर जोडून वरचा पदर आधीच करण्याची चाल आपल्याकडेही रुजली. मग इस्त्री न करण्याची सवय दोष ठरते की नाही? ठरते, आणि ते मोकळेपणाने मानले पाहिजे. अशा गोधडीत सांध्यांवर गाठी येतात, टोके बोथट होतात, टेरिकॉटसारखे कापड नखाची घडी धरतच नाही. तिथे प्रत्येक चौकोन जोडला की गडद बाजूला दाबून घ्यावा, आणि इस्त्री सरकवण्याऐवजी वरून टेकवावी, नाहीतर तिरकी बाजू ओढली जाते. मात्र यातून जुनी रीत अडाणी होती असे सिद्ध होत नाही. क्रम बदलला, म्हणून नियम बदलला. बचत गटांच्या प्रशिक्षणात आज गोधडी शिकवताना हे दोन क्रम वेगळे करून सांगावेत, असे मला कळकळीने वाटते. हातगोधडी शिकणाऱ्या मुलीला इस्त्री आधी दिली तर नखाची घडी ती कधीच शिकणार नाही.

गोधड्यांच्या नोंदी करणाऱ्यांनीही वरच्या नक्षीच्या छायाचित्रावर थांबू नये. जुनी विरलेली गोधडी बहुधा टाकत नाहीत, तिच्यावरच नवे थर चढवतात. त्यामुळे मोडीत निघालेली एखादी वाकळ घरच्यांच्या संमतीने उसवली, तर तिच्या पोटात आधीच्या पिढीची दुमड जशीच्या तशी मिळू शकते: किती कापड आत घेतले, त्रिकोणाचे टोक आधी मोडले की कड, धावदोरा कडेने सुरू झाला की मधून.