चिंगेल : आल्प्समधील ६६ मोहिमा नावावर असलेली कुत्री (धागा)

१/
२४ जुलै १८७५. आल्प्समधील सर्वोच्च शिखर माँ ब्लाँ. उंची सुमारे ४,८०७ मीटर. त्या दिवशी शिखरावर पोहोचलेल्या एका तुकडीत तांबूस रंगाची, लांब कानांची, दहा वर्षे वयाची एक कुत्री होती. तिचे नाव चिंगेल. आजचा धागा तिच्याविषयी आहे. आणि तिच्यासोबत चालणाऱ्या ज्या स्त्रीला गिर्यारोहकांच्या क्लबचे दार बंद होते, तिच्याविषयीही.

२/
प्रथम पार्श्वभूमी. आल्प्सच्या डोंगरांत कुत्रा नवीन नव्हता. मेंढपाळांचे कुत्रे तेथे पिढ्यान्‌पिढ्या होते. ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतील मठाचे कुत्रे तर बर्फात अडकलेल्या वाटसरूंचा माग काढण्यासाठी विख्यात झाले. त्यांतील 'बॅरी' (१८००–१८१४) याच्या नावावर चाळीसहून अधिक माणसांचे प्राण वाचवल्याची ख्याती आहे. बर्न येथील संग्रहालयात तो आजही पेंढा भरून जतन केलेला आहे.

३/
(जाता जाता : त्या कुत्र्यांच्या गळ्यातील ब्रँडीचे पिंप ही चित्रकाराची देणगी. एडविन लँडसीअर याने १८२० मध्ये काढलेल्या एका चित्रातून ते लोकांच्या मनात रुजले.)

मुद्दा असा की, १८५० पर्यंत डोंगरावरचा कुत्रा हा कामकरी होता. राखण, माग, कळप हीच त्याची कामे. केवळ सोबत म्हणून, हौसेखातर कुत्र्याला शिखरावर नेण्याची कल्पना मुळात त्या डोंगराकडे पाहण्याच्या बदललेल्या दृष्टीतून आली.

४/
ही दृष्टी बदलली तो काळ १८५४ ते १८६५. गिर्यारोहणाच्या इतिहासात यास 'सुवर्णकाळ' म्हणतात. इंग्लंडमधील वकील, पाद्री, प्राध्यापक उन्हाळी सुटीत रेल्वेने स्वित्झर्लंड गाठू लागले. स्थानिक शेतकरी त्यांचे वाटाडे झाले. १८५७ मध्ये लंडनमध्ये अल्पाइन क्लब स्थापन झाला. त्याच सुमारास इंग्लंडात कुत्रा मध्यमवर्गीय घरातही स्थिरावत होता. १८५९ मध्ये न्यूकॅसल येथे कुत्र्यांचे प्रदर्शन भरले, १८७३ मध्ये केनेल क्लब स्थापन झाला.

५/
आता पात्रे.

ख्रिस्तियान आल्मर (१८२६–१८९८) : ग्रिंडेलवाल्डचा वाटाड्या. १८५८ मध्ये आयगर शिखरावर प्रथम पोहोचलेल्या तुकडीत तो होता.

मेटा ब्रेव्होर्ट (१८२५–१८७६) : अमेरिकन, अविवाहित, कणखर.

विल्यम ऑगस्टस ब्रेव्होर्ट कूलिज (१८५०–१९२६) : तिचा भाचा. १८६५ मध्ये प्रकृती सुधारावी म्हणून मावशीबरोबर युरोपात आला आणि डोंगरांचाच होऊन राहिला.

६/
सप्टेंबर १८६५ मध्ये आल्मर एक लहान पिल्लू घेऊन चिंगेल खिंड ओलांडत होता. कांडरश्टेग आणि लाउटरब्रुनेन या दोन खोऱ्यांना जोडणारी ही हिमनदीवरची वाट. एवढ्याशा पिल्लाने ती पार केली, म्हणून त्याचे नाव खिंडीवरून पडले : चिंगेल. पुढली जवळजवळ तीन वर्षे ही कुत्री आल्मरच्या घराची राखण करीत होती. म्हणजे तोवर तीही कामकरीच.

७/
जुलै १८६८. सतरा वर्षांचा कूलिज आल्मरसोबत आयगरवर निघाला आणि शिखर न गाठताच परतला. पोराचा पडलेला चेहरा पाहून आल्मरने त्याची समजूत काढण्यासाठी आपली कुत्री त्याला देऊन टाकली. त्याच मोसमात चिंगेल ३,६६१ मीटर उंचीच्या ब्लूमलिसाल्पहोर्नवर जाऊन आली. एका हिरमुसलेल्या मुलाला मिळालेल्या या भेटीपासून आल्प्सच्या इतिहासातील एक विलक्षण कारकीर्द सुरू झाली.

८/
'कुत्र्याला हिमशिखरावर न्यायचे तरी कसे?' हा प्रश्न रास्त आहे. उत्तर : माणसाला नेतात तसेच. हिमनदीवर तिच्या गळपट्ट्यातून दोर ओवून तिला तुकडीच्या दोरात बांधीत. उभ्या कड्यावर वाटाडे तिला उचलून वर देत. बर्फाच्या उतारावर कुऱ्हाडीने खोदलेल्या पायऱ्यांवरून ती स्वतः चढे. बर्फाने झाकलेल्या भेगांची तिला आधीच चाहूल लागते, अशी वाटाड्यांची श्रद्धा होती.

९/
त्रासही होता. गोठलेल्या बर्फाच्या धारदार कणांनी तिचे पंजे सोलवटत, रक्त येई. तिच्यासाठी चामड्याचे बूट शिवून घेतले गेले; ते तिने पायात ठेवले नाहीत. थकवा घालवण्यासाठी तिला पातळ चहा आवडे, आणि तांबडी वाइनही. (आज असे करू नये. मद्य कुत्र्यांना विषासमान आहे. एकोणिसाव्या शतकात हे ज्ञान नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.)

१०/
कूलिजने तिच्या मोहिमांचा काटेकोर हिशेब ठेवला : ३० शिखरे आणि ३६ खिंडी, एकूण ६६ मोठ्या मोहिमा. यांत मोंटे रोझा आहे, आलेत्शहोर्न आहे, युंगफ्राउ आहे. तिच्या गळपट्ट्यावर या नावांच्या पट्ट्या जडवल्या जात. सैनिकाच्या छातीवरील पदकांची जागा येथे शिखरांच्या नावांनी घेतली होती.

११/
येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबून विचारावे : या नोंदीवर विश्वास का ठेवावा? नोंद करणारा मालकच होता. कौतुकाने त्याने चार शिखरे वाढवली नसतील कशावरून?

उत्तर कूलिजच्या स्वभावात आहे. तो पुढे ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजचा फेलो झाला, १८८० ते १८८९ अल्पाइन जर्नलचा संपादक होता. तारखा, उंची आणि अग्रक्रम यांच्याबाबतीत तो इतका कठोर की त्यापायी त्याने मैत्र्या मोडल्या.

१२/
उदाहरण पाहा. मॅटरहॉर्नचा प्रसिद्ध विजेता एडवर्ड व्हिंपर याने आपल्या ग्रंथात एक चित्र दिले होते : १८६४ मध्ये एक्राँ शिखरावरून उतरताना आल्मर कड्यामधील फटीवरून झेप घेतो आहे. कूलिजने जाहीर शंका घेतली की अशी झेप कधी घडलीच नाही. वाद इतका पेटला की १८९९ मध्ये कूलिजने क्लबचा राजीनामा दिला. ज्या आल्मरने त्याला चिंगेल दिली, त्याच आल्मरच्या शौर्यकथेलाही त्याने सूट दिली नाही! असा माणूस कुत्रीच्या यादीत सहसा भर घालणार नाही, असे अनुमान करता येते. अनुमानच, परंतु साधार.

१३/
आता मेटाकडे वळू. १८६५ मध्येच तिने माँ ब्लाँ सर केले होते. तेथे तिने नृत्य केले, आणि तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत निषिद्ध असलेले 'मार्सेयेझ' हे गीत गायिले, असे सांगितले जाते. १८७० मध्ये ती मेज पर्वताच्या मध्य शिखरावर पोहोचली. मॅटरहॉर्नवर पहिली स्त्री होण्याची तिची आकांक्षा मात्र थोडक्यात हुकली : २२ जुलै १८७१ रोजी लूसी वॉकरने तो मान मिळवला. मेटाने सप्टेंबरमध्ये तेच शिखर एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने इटलीत उतरण्याची कामगिरी केली. स्त्रियांत ती पहिली.

१४/
जानेवारी १८७४ मध्ये वेटरहोर्न आणि युंगफ्राउ ही शिखरे भर हिवाळ्यात प्रथमच सर करणाऱ्या तुकडीत मेटा होती. स्त्रियांत प्रथम असे नव्हे, सर्वांत प्रथम. हिवाळी गिर्यारोहणाच्या आरंभीच्या पानांवर तिचे नाव असायला हवे.

परंतु अल्पाइन क्लबचे सभासदत्व केवळ पुरुषांना होते. कूलिज १८७० मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षाच्या आसपास, सभासद झाला. त्याच दोराला बांधलेली, वयाने आणि अनुभवाने मोठी मावशी बाहेरच राहिली.

१५/
सर्वांत बोलका पुरावा एका लेखाचा. बीच्होर्न शिखरावर घालवलेल्या एका दिवसाचा आणि एका रात्रीचा वृत्तान्त १८७२ च्या सुमारास अल्पाइन जर्नलमध्ये आला. लेखक म्हणून नाव कूलिजचे. लिहिले होते मेटाने. चढाई तिची, वाक्ये तिची, स्वाक्षरी भाच्याची.

१६/
आणि चिंगेल? तिच्याविषयी दोन कथा प्रचलित आहेत. पहिली : क्लबने तिला मानद सभासद केले. दुसरी : तिला सभासद करायचे घाटत होते, पण ती मादी असल्याने राहून गेले. दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. दोन्ही विनोदाच्या सुरात सांगितल्या जातात आणि तशाच घ्याव्यात.

परंतु विनोद हेही इतिहासाचे साधन असते. लोक कशावर हसतात यावरून त्यांना काय स्वाभाविक वाटत होते ते कळते. पहिल्या कथेत कुत्रीला मिळालेला मान मेटाला नाकारलेला आहे. दुसरीत कुत्रीलाही मेटाचाच नियम लागू आहे. हसू कोणत्याही कथेवर या. त्या हशाखाली दडलेला नियम एकच आहे.

१७/
पुन्हा माँ ब्लाँ, १८७५. चिंगेल खाली शामोनीला परतली तेव्हा तिच्या सन्मानार्थ तोफ डागल्याचे सांगतात. यशस्वी चढाईनंतर तोफ डागण्याचा तेथे रिवाजच होता. गावकरी तिला पाहायला आले. ही तिची अखेरच्या मोठ्या मोहिमांपैकी एक. वय झाले होते.

१८/
डिसेंबर १८७६ मध्ये मेटाचे एकाएकी निधन झाले. वय ५१. मेजचे सर्वोच्च टोक गाठण्याचे तिचे स्वप्न अपुरे राहिले. अवघ्या आठ महिन्यांनी, १६ ऑगस्ट १८७७ रोजी, बोआलो द कास्तेलनो आणि वाटाड्या पिएर गास्पार यांनी ते शिखर सर केले.

जून १८७९ मध्ये इंग्लंडमधील डॉर्किंग येथील घरी, स्वयंपाकघरातील शेगडीपुढे झोपेतच चिंगेल गेली. वय सुमारे चौदा.

१९/
त्यानंतर काय झाले? १९०७ मध्ये स्त्रियांनी स्वतःचा लेडीज अल्पाइन क्लब काढला. मूळ क्लबचे दार स्त्रियांना उघडायला १९७० च्या दशकाचा मध्य उजाडावा लागला. मेटाच्या मृत्यूनंतर जवळजवळ शंभर वर्षे. मधल्या काळात कूलिज डोंगरांचा श्रेष्ठ इतिहासकार म्हणून मान्यता पावला आणि १९२६ मध्ये आल्मरच्याच गावी, ग्रिंडेलवाल्डला, मरण पावला.

२०/
फ्रान्समधील एक्राँ पर्वतराजीच्या नकाशावर आज 'पिक कूलिज' आहे, आणि १८७३ मध्ये मेटाने प्रथम सर केलेले 'प्वाँत ब्रेव्होर्ट'ही आहे. स्वित्झर्लंडच्या नकाशावर 'चिंगेल' आहेच. मात्र ते नाव खिंडीचे, तेथून ते कुत्रीकडे आले. कुत्रीचे नाव टिकले ते एका हट्टी इतिहासकाराने यादी ठेवली म्हणून. मेटाची बरीचशी वाक्ये अजूनही भाच्याच्या नावाखाली वाचली जातात.

२१/
आपल्याकडे राजगडाला किंवा हरिश्चंद्रगडाला निघालेल्या तुकडीमागे पायथ्याच्या गावातला एखादा कुत्रा आपण होऊन येतो, वाट दाखवतो, माथ्यावर भाकरीचा तुकडा खाऊन परत फिरतो. ट्रेकच्या वृत्तान्तात त्याच्यासाठी एक ओळ ठेवा. आणि सोबत आलेल्या वाटाड्याचे पूर्ण नाव, गावासह, त्याच्या वरच्या ओळीत लिहा. उद्या कोणी या काळाचा इतिहास लिहायला बसेल तेव्हा त्याला त्या दोन्ही ओळी लागतील.

धागा समाप्त. आवडल्यास पहिली पोस्ट पुढे पाठवा. शंका असल्यास खाली अवश्य विचारा.