फ्रान्सचे नौसैनिक पायदळ : नाव समुद्राचे, मग नियंत्रण भूदलाचे का?

फ्रान्सच्या ‘त्रूप द मारीन’ या दलाच्या बोधचिन्हावर सोनेरी नांगर आहे. तरीही हे सैनिक नौदलाचे नाहीत, ते भूदलाचा भाग आहेत. या कोड्याचे उत्तर फ्रान्सच्या वसाहतींच्या इतिहासात सापडते.

सुरुवात कशी झाली?

तेराव्या लुईच्या काळात, १६२२ मध्ये, युद्धनौकांवर लढण्यासाठी खास तुकड्या उभारल्या गेल्या. त्या काळी वसाहतींचा कारभार नौदल खात्याकडे होता. त्यामुळे तिथल्या संरक्षणाचे कामही याच खात्याच्या सैनिकांकडे आले. १६८३ पासून आजच्या कॅनडातील फ्रेंच वसाहतीत अशा तुकड्या तैनात होत्या. १८३१ मध्ये नौसैनिक पायदळाच्या रेजिमेंट नव्याने उभ्या राहिल्या. सेनेगल, इंडोचायना, मादागास्कर अशा ठिकाणी वसाहती वाढवण्यासाठी त्यांचा वापर झाला. हे सैनिक ‘मार्सुआँ’ या टोपणनावाने ओळखले जातात. हे डॉल्फिनसारख्या एका छोट्या सागरी प्राण्याचे फ्रेंच नाव आहे.

बाझेयची लढाई

१८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात नौसैनिक पायदळ आणि तोफखाना यांची एक डिव्हिजन युरोपातच लढली. तिला ‘निळी डिव्हिजन’ म्हणत. ३१ ऑगस्ट आणि १ सप्टेंबरला सेदाँजवळच्या बाझेय गावात घराघरांतून लढाई झाली. एका घरातील सैनिकांनी काडतुसे संपेपर्यंत झुंज दिली. हा प्रसंग आल्फाँस द नोव्हील या चित्रकाराने १८७३ मध्ये रंगवला. सेदाँची लढाई फ्रान्स हरला, तरी दल आजही दरवर्षी बाझेयचा स्मृतिदिन पाळते.

नौदलातून भूदलात

१८९४ मध्ये वसाहतींसाठी स्वतंत्र मंत्रालय झाले. मग हे सैनिक नौदल खात्याकडे ठेवण्याचे मुख्य कारणच उरले नाही. ७ जुलै १९०० च्या कायद्याने दल युद्ध मंत्रालयाकडे गेले आणि त्याला ‘वसाहती सैन्य’ हे नाव मिळाले. वसाहती स्वतंत्र होऊ लागल्यावर हे नाव अडचणीचे ठरले. १९५८ मध्ये ते बदलले आणि १९६१ मध्ये ‘त्रूप द मारीन’ हे नाव आले.

आफ्रिकी सैनिकांचे काय?

१८५७ मध्ये ‘सेनेगाली तिरायर’ दल स्थापन झाले. नावात सेनेगल असले तरी पुढे पश्चिम आफ्रिकेच्या इतर भागांतूनही भरती झाली, त्यात सक्तीही होती. पहिल्या महायुद्धात या भागातून दीड लाखाहून अधिक सैनिक घेतले गेले. १ डिसेंबर १९४४ रोजी डाकारजवळच्या थियारोय छावणीत, जर्मन कैदेतून परतलेल्या आणि थकीत पगार मागणाऱ्या आफ्रिकी सैनिकांवर फ्रेंच सैन्यानेच गोळीबार केला. फ्रान्सने या घटनेला ‘हत्याकांड’ म्हणून मान्यता दिली ती २०२४ मध्ये. मृतांच्या संख्येवर अजूनही वाद आहे.

आजची स्थिती

आज नौदलाकडे ‘फ्युझिलिए मारीं’ हे वेगळे दल आहे. ‘त्रूप द मारीन’ मात्र भूदलात असून परदेशी मोहिमा आणि सागरापारच्या फ्रेंच प्रदेशांमधील तैनाती ही त्यांची ओळख आहे. २०२२ मध्ये माली, २०२३ मध्ये नायजर आणि २०२५ मध्ये चाड व सेनेगल येथून फ्रेंच फौजा बाहेर पडल्या. ज्या आफ्रिकेत हे दल घडले, तिथली त्याची जुनी भूमिका आता संपत आली आहे.