आम, पक्व आणि एक अहवाल

दोंडाईच्यात आमच्या परिचयाचे एक निवृत्त संस्कृत शिक्षक आहेत. वय सहासष्ट. मागल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी ते हातात पीएसए चाचणीचा आणि बायोप्सीचा, असे दोन कागद घेऊन आले. प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग. अगदी आरंभीची अवस्था, सर्वांत सौम्य श्रेणी. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या होत्या : शस्त्रक्रियेने ग्रंथी काढणे, किंवा ठरावीक काळाने तपासण्या करीत लक्ष ठेवणे. पुण्याचा मुलगा ऑपरेशनवर अडून बसला होता. घरात 'एकदाचं काढून टाका' एवढाच धोशा. गुरुजी म्हणाले, "सर, थांबायचं म्हणजे दुखणं अंगावर काढायचंच ना?"

आपल्या भाषेने या प्रश्नाचा निकाल आधीच लावून ठेवला आहे, हे त्या क्षणी जाणवले. अंगावर काढणे म्हणजे हयगय, गरिबी किंवा भीती. जाणीवपूर्वक, मोजूनमापून थांबण्यासाठी रूढ मराठीत नेमका शब्द नाही. 'सक्रिय निरीक्षण' हा प्रतिशब्द सरकारी परिपत्रकातून आल्यासारखा वाटतो.

परंतु परंपरेत तो विचार नाही असे मुळीच नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शोथाचे, म्हणजे सुजेचे, आम आणि पक्व असे भेद सांगितले आहेत. जो वैद्य अज्ञानाने आम शोथ कापतो आणि जो पक्व शोथाची उपेक्षा करतो, त्या दोघांनाही सुश्रुत सारख्याच कठोर शब्दांत धिक्कारतो. (ज्या शब्दाने धिक्कारतो तो आज उच्चारवणार नाही, तो जातिवाचक आहे.) घाई आणि दिरंगाई यांना त्याने एकाच पारड्यात टाकले, हे लक्षात घेण्याजोगे. अर्थात गळू आणि कर्करोग एक नव्हेत. गळू पिकण्याची वाट पाहतात ते फोडण्यासाठी. इथे ते पिकलेच नाही तर बरे, म्हणून लक्ष ठेवायचे.

त्याच ग्रंथाच्या चिकित्सास्थानात अश्मरीचा, म्हणजे मुतखड्याचा, अध्याय आहे. मूत्राशयातला खडा काढण्याची शस्त्रक्रिया सांगण्यापूर्वी सुश्रुत थबकतो. क्रिया न केल्यास मृत्यू निश्चित, केल्यास यश संशयास्पद. म्हणून धन्याला, टीकाकारांच्या मते राजाला, विचारूनच शस्त्र उचलावे, असे तो बजावतो. संमतीपत्राचा हा एक प्राचीन पूर्वज म्हणता येईल. फक्त संमती रुग्णाची नसून सत्तेची आहे. पुढे तो शस्त्र कुठे लागू देऊ नये तेही सांगतो. शुक्रवह स्रोतस तुटल्यास मृत्यू किंवा क्लैब्य, मूत्रप्रसेकास इजा झाल्यास मूत्र ठिबकत राहणे. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेआधी आजचा सर्जन ज्या दोन परिणामांची कल्पना देतो, ते हेच. गुरुजींनी हा भाग मूळ संस्कृतात वाचला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

मरण समोर आणि शस्त्र हातात, असा प्रसंग महाराष्ट्राने 1924 साली पाहिला. येरवड्याच्या तुरुंगात शिक्षा भोगणाऱ्या गांधीजींना आंत्रपुच्छाचा दाह झाला. 12 जानेवारीच्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. मुंबईहून डॉ. दलाल आणि डॉ. जीवराज मेहता यांना आणण्याइतका वेळ नव्हता. श्रीनिवास शास्त्री यांना बोलावण्यात आले. त्यांच्यासमक्ष संमतीच्या निवेदनावर गांधीजींनी थरथरत्या हाताने सही केली. कैदी दगावला असता तर साऱ्या देशाने सरकारवर संशय घेतला असता, तेव्हा त्या सहीला राजकीय वजनही होते. शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात उरकावे लागले. 1909 च्या 'हिंद स्वराज'मध्ये डॉक्टरी पेशावर कोरडे ओढणाऱ्या माणसाने ही सही केली, कारण तिथे सुश्रुताचे समीकरण लागू होते : थांबणे म्हणजे मरण.

गुरुजींच्या कागदावर नेमके हेच समीकरण उलटले होते. हे कसे घडले, त्याचा इतिहास फार जुना नाही. 1904 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ह्यू हॅम्प्टन यंग यांनी कर्करोगासाठी संपूर्ण प्रोस्टेट काढण्याची शस्त्रक्रिया केली. गुद आणि वृषण यांच्या मधल्या जागेतून, म्हणजे जवळजवळ सुश्रुताच्याच वाटेने. पुढे 1935 मध्ये त्याच संस्थेतील अर्नोल्ड रिच यांनी वेगळीच गोष्ट नोंदवली : अन्य कारणांनी वारलेल्या अनेक वृद्धांच्या प्रोस्टेटमध्ये शवविच्छेदनात छोटे कर्करोग सापडतात. माणूस कर्करोगासह जगला आणि दुसऱ्याच कशाने गेला. ही नोंद जिवंत माणसांच्या उपयोगाची नव्हती, कारण तो छुपा रोग जिवंतपणी ओळखण्याचे साधनच नव्हते. 1980 नंतर पीएसए चाचणी आली, 1994 मध्ये अमेरिकेत ती रोगनिदानासाठी मान्य झाली, आणि शवागारात दिसणारा रोग बाह्यरुग्ण विभागात दिसू लागला. दिसला की कापला, असे मग बराच काळ चालले. 1982 मध्ये पॅट्रिक वॉल्श यांनी मज्जातंतू वाचवणारी पद्धत आणली, त्यामुळे हानी घटली, पण संपली नाही. टोरांटोचे लॉरेन्स क्लॉट्झ आणि त्यांचे सहकारी 1995 पासून निवडक रुग्णांवर नुसती नजर ठेवू लागले तेव्हा पुष्कळांना तो बेजबाबदारपणा वाटला.

वाद मिटवायला मोठी तुलना हवी होती. ती ब्रिटनमध्ये झाली. 1999 ते 2009 या काळात 82,429 पुरुषांची पीएसए चाचणी झाली; ग्रंथीपुरताच मर्यादित रोग असलेले 1,643 जण चिठ्ठी टाकावी तसे तीन गटांत वाटले गेले : देखरेख, शस्त्रक्रिया, किरणोपचार. पंधरा वर्षांनंतरचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. या रोगाने मृत्यू पावलेल्यांचे प्रमाण देखरेखीच्या गटात 3.1 टक्के, शस्त्रक्रियेच्या गटात 2.2, किरणोपचाराच्या गटात 2.9. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक फरक नव्हे.

पण इथे थांबून टाळ्या वाजवणे अप्रामाणिकपणाचे होईल. रोग शरीरात अन्यत्र पसरण्याचे प्रमाण देखरेखीच्या गटात 9.4 टक्के होते, शस्त्रक्रियेच्या गटात 4.7. देखरेखीवर ठेवलेल्यांपैकी सुमारे साठ टक्क्यांनी पंधरा वर्षांत केव्हातरी शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार घेतलेच. कोणताही उपचार न घेता हयात असलेले चोवीस टक्के. दुसऱ्या बाजूला, सहा वर्षांनंतर लघवी झिरपते म्हणून पॅड वापरणारे शस्त्रक्रियेच्या गटात 17 टक्के होते, देखरेखीच्या गटात 8. श्रेणी वरची असेल तर हा सारा हिशेब बदलतो, हेही सांगायला हवे.

गुरुजींना हे आकडे मराठीत लिहून दिले. त्यांची शंका वेगळीच निघाली. "विनोबांसारखं औषधपाणी सोडून द्यायचं, असं तर नाही ना?" 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने देणाऱ्या विनोबांनी 1982 मध्ये पवनारला अन्न आणि औषध दोन्ही नाकारून देह ठेवला, आमच्या जिल्ह्यात ही आठवण सहज निघते. ती निवृत्ती होती. देखरेख हा तर भलताच प्रवृत्तिमार्ग आहे : दर काही महिन्यांनी रक्त, अधूनमधून एमआरआय, पुन्हा बायोप्सी. दोंडाईच्याच्या माणसाला त्यातल्या बऱ्याच गोष्टींसाठी धुळे, नाशिक नाहीतर सुरत गाठावे लागते. ऑपरेशन एकदाच होते, खेपा मात्र वर्षानुवर्षे. मोठ्या शहरांत झालेल्या संशोधनात रेल्वेच्या वेळापत्रकाचा रकाना नसतो. खेप चुकली, मग दुसरी चुकली, की देखरेखीचे खरोखरच अंगावर काढणे होते. मुलाची भीती अगदीच वेडगळ नव्हती.

अखेर संमती राजाची नव्हती, मुलाचीही नव्हती. गुरुजींनी थांबायचे ठरवले, पण एका अटीवर : तपासणीच्या तारखा त्यांच्या नव्हे, सुनेच्या मोबाईलमध्ये राहतील आणि पीएसए वाढत गेला किंवा श्रेणी बदलली तर पुन्हा घरात चर्चा नको, थेट सर्जन. पहिल्या दोन खेपा झाल्या आहेत. तिसरी मिरचीच्या हंगामात येते, त्या दिवसांत घरची गाडी बाजार समितीच्या फेऱ्यांत अडकलेली असते. तेव्हा सुरतेच्या गाडीचे आरक्षण आताच करून ठेवले आहे.