पडदा घरचाच होता

आज संगणक म्हटला की त्याचा पडदा ओघानेच येतो. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मात्र तसे नव्हते. तेव्हा बाजारात आलेल्या कित्येक घरगुती संगणकांना स्वतःचा पडदाच नव्हता. तो दिला असता तर किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेली असती. म्हणून रचनाकारांनी घरात आधीच असलेल्या टीव्हीवर काम भागवले.

पण त्या टीव्हीला अँटेनातून आलेले प्रक्षेपण तेवढे कळे. तेव्हा संगणकातच मॉड्युलेटर नावाची पत्र्याची छोटी डबी बसवली गेली. ब्रिटनमध्ये २३ एप्रिल १९८२ रोजी आलेल्या सिंक्लेअर स्पेक्ट्रमचे चित्र यूएचएफच्या ३६ क्रमांकाच्या चॅनेलवर दिसे. घरातल्या घरात चालणारे पिटुकले दूरदर्शन केंद्रच ते! त्याची किंमत १२५ पौंडांपासून सुरू होत असे. पुण्याच्या डेसी बेल्स कंपनीने पुढे स्पेक्ट्रम प्लस भारतात आणला.

या सोयीची किंमत डोळ्यांना मोजावी लागे. सारे रंग आणि प्रकाश एका लहरीत कोंबून पाठवायचे आणि टीव्हीने ते पुन्हा वेगळे करायचे, यात अक्षरांच्या कडा पुसट होत. स्पेक्ट्रमच्या एका ओळीत ३२ अक्षरे असत, तोवर ते खपून जाई. ऐंशी अक्षरांची ओळ वाचणे मात्र कठीण. म्हणून डिसेंबर १९८१ मध्ये आलेल्या बीबीसी मायक्रोला टीव्हीच्या जोडणीखेरीज लाल, हिरवा आणि निळा हे रंग सुटे देणारी मॉनिटरची जोडणीही होती. आपल्या शाळांमधल्या १९८४-८५ च्या ‘क्लास’ प्रकल्पात हेच संगणक आले.

सर्वांत गमतीची गोष्ट अ‍ॅपल-टूची. स्टीव्ह वॉझ्नियॅक यांनी १९७७ च्या या यंत्रात अमेरिकन रंगीत टीव्हीच्या उणिवेचाच उपयोग केला. यंत्र नुसते उजळ-काळे ठिपके पाठवी; ते ठरावीक अंतराने आले की टीव्ही त्यांना रंग समजे. त्याच यंत्राला एकरंगी मॉनिटर जोडला की रंगांच्या जागी उभ्या रेघा! युरोपातील पाल पद्धतीच्या टीव्हीवर ही युक्ती चालेना, तिथे रंगासाठी वेगळे कार्ड घ्यावे लागे.

माळ्यावरून काढलेले असे संगणक लोक माझ्याकडे आणतात. बहुतेकांना यंत्रापेक्षा सोबतची कॅसेट मोलाची असते; तिच्यात कुणी शाळकरी वयात लिहिलेला प्रोग्राम असतो. यंत्र पुष्कळदा धडधाकट निघते, अडते ते पडद्यापाशी. पाल पद्धतीचा जुना संगणक सेकंदाला १५,६२५ रेघा आखतो. १९८७ मध्ये आलेल्या व्हीजीए मॉनिटरला साधारण ३१,५०० रेघा लागतात, म्हणून त्याला हे चित्र धरता येत नाही. मॉड्युलेटरला वळसा घालून थेट चित्रसंदेश टीव्हीच्या पिवळ्या छिद्रात दिला तर चित्र स्वच्छ येते. मात्र खोबणीत बसते म्हणून कोणतीही तार लावू नये. बीबीसी मायक्रोचे रंग पाच व्होल्टच्या पातळीवर येतात, नंतरच्या संचांना एका व्होल्टहूनही कमी लागतात. आणि जुन्या मॉनिटरची पाठ जाणकाराशिवाय कुणी उघडू नये. बंद केल्यावरही चित्रनळीत हजारो व्होल्ट साठून राहू शकतात.

काहीजण विचारतात, आता हे सगळे नव्या संगणकावर नक्कल करून दिसते, मग हा खटाटोप कशाला? माझे उत्तर अ‍ॅपल-टूमध्येच आहे. तो रंग ना एकट्या यंत्रात होता, ना एकट्या टीव्हीत. दोघे जोडले की तो उमटे. नक्कल करणाऱ्यालाही मूळ कसे दिसत होते, हे कुठेतरी पाहावेच लागते. आपण संगणक कौतुकाने कपाटात ठेवतो आणि जड, जागा अडवणारा जुना टीव्ही भंगारात देतो. तो देताना निम्मे यंत्रच घराबाहेर जात असते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)