पेला आणि ताट : एका अभ्यासाची प्रस्तावना

केळापूर हा द्राक्षांचा तालुका नव्हे. इथे कापूस, तूर, सोयाबीन. तालुक्याला नाव केळापूरचे, तहसील कचेरी पांढरकवड्यात, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला तरी कोणी दचकत नाही. अशा ठिकाणी बसून इंग्लंडमधल्या गारठलेल्या टेकड्यांवरच्या वाइनबद्दल आणि तिच्यासोबत काय खावे याबद्दल लिहिणे म्हणजे आगाऊपणा, असे काहींना वाटेल. मला तसे वाटत नाही. पेय आणि अन्न यांच्या जोडीचा अभ्यास हवामानापासून सुरू होतो, आणि हवामान पिकाचे काय करते हे इथल्या माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

या विषयावरची इंग्रजी पुस्तके चाळली की वाचक बिचकतो. फ्रेंच नावे, चषकांचे आकार, अमुक चीजबरोबर तमुक बाटली अशी कोष्टके. ती कोष्टके सध्या बाजूला ठेवावीत. या क्षेत्रात शिरायला एक दार पुरेसे आहे, आणि ते म्हणजे आंबटपणा. पेयात आंबट किती, ते कुठून आले, आणि ताटातल्या कोणत्या पदार्थाला ते हवे आहे, एवढे कळले की उरलेले बरेचसे आपोआप उलगडते.

द्राक्ष पिकू लागले की त्यात साखर चढते आणि आम्ल उतरते. द्राक्षात मुख्य आम्ले दोन, टार्टरिक आणि मॅलिक. मॅलिक म्हणजे कच्च्या सफरचंदात दात आंबवते ते. उष्णतेत, विशेषतः उबदार रात्रींत, द्राक्षाचे फळ हे मॅलिक जाळून टाकते. थंडीत ते टिकते. दक्षिण इंग्लंडमधले मळे एक्कावन्न अक्षांशाच्या आसपास आहेत, आपण विसाच्या. तिकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी होते तेव्हा ऊन कललेले असते, साखर बेताची आणि आम्ल भरपूर असते. दुसऱ्या महायुद्धानंतर हॅम्पशायरमध्ये हॅम्बल्डन येथे सर गाय सॅलिसबरी-जोन्स या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने १९५१ साली वेली लावल्या, तेव्हा आधुनिक काळातल्या इंग्रजी व्यापारी द्राक्षमळ्यांची सुरुवात झाली. पुढची कित्येक वर्षे मात्र इंग्रजी वाइन म्हटले की लोक हसत. पातळ आणि आंबट, हा शेरा ठरलेला.

मग कोणाच्या तरी लक्षात आले की हा दोष नसून कच्चा माल आहे. फसफसणाऱ्या वाइनला नेमके हेच लागते : साखर कमी, आम्ल जास्त. वेस्ट ससेक्समधल्या नायटिंबर येथे स्टुअर्ट आणि सँडी मॉस या अमेरिकी दांपत्याने १९८८ मध्ये शार्दने, पिनो न्वार आणि पिनो म्यूनिए या शँपेनच्याच तीन जाती लावायला घेतल्या आणि १९९२ च्या पिकापासून पहिली फसफसती वाइन केली. इंग्लंडच्या दक्षिणेतला खडूचा दगड आणि शँपेन प्रांतातला खडू एकाच जातकुळीचा आहे. पुढे हवामानही तापत गेले आणि फळ थोडे अधिक पिकू लागले. २०१५ मध्ये तेतँजे या शँपेनच्या जुन्या घराण्याने केंट परगण्यात जमीन घेतली, तेव्हा हसणारे गप्प झाले. गंमत अशी की वाइनमध्ये साखर घालून तिला फसफसवण्याच्या पद्धतीची लेखी नोंद ख्रिस्तोफर मेरेट या इंग्रजानेच १६६२ मध्ये रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात सापडते. पद्धत ठाऊक होती, पण लायक फळ यायला सव्वातीनशे वर्षे लागली.

नाशिकची गोष्ट बरोबर उलटी. युरोपात द्राक्ष थंडीकडे जाताना पिकते, आपल्याकडे उन्हाळ्याकडे जाताना. एप्रिलची खरड छाटणी, मग पावसाळ्यानंतरची गोडी छाटणी, आणि तोडणी जानेवारी ते मार्च. म्हणजे फळात साखर भरते त्याच आठवड्यांत दिवस तापू लागलेला असतो आणि आम्ल हातातून निसटत असते. इंग्रज मळेवाला साखरेची वाट पाहतो. नाशिकचा बागाईतदार आम्ल राखायला धावतो, म्हणून तोडणी लवकर, पहाटेच्या गारव्यात. नारायणगावच्या शामराव चौगुले यांच्या इंडेजने ऐंशीच्या दशकात फसफसती वाइन परदेशी पाठवली, १९९९ मध्ये राजीव सामंत यांनी नाशिकला सुला उभी केली, २००१ मध्ये राज्याचे द्राक्षप्रक्रिया धोरण आले, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले. हा इतिहास अनेकांनी लिहिला आहे, त्यात मी भर घालत नाही. पांढऱ्यांत शेनँ ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ या जाती इथे का रुजल्या, याचे अर्धे उत्तर मात्र आम्लातच आहे : शेनँ ब्लाँ उन्हातही आपला आंबटपणा बऱ्यापैकी धरून ठेवते.

आता केळापूरकडे. आपल्याकडचे मूळ पेय मोहाचे. मार्चअखेर आणि एप्रिलमध्ये मोह फुलतो, पहाटे फुले गळतात, गोंड आणि कोलाम घरांतली बायका-पोरे उजाडायच्या आत टोपल्या घेऊन निघतात. वाळलेल्या मोहफुलात वजनाच्या निम्म्याहून अधिक साखर असते. आंबटपणा मात्र नावालाच. इंग्लंडच्या द्राक्षाचे हे अगदी दुसरे टोक : तिथे आम्ल होते आणि साखर नव्हती, इथे साखर आहे आणि आम्ल नाही. म्हणून मोहाची वाइन पिण्याची रीत रुजली नाही, सडवा घालून तो भट्टीवर चढवण्याची रुजली. भट्टीत साखर मागे राहते, टार्टरिक-मॅलिकसारखी आम्लेही धारेबरोबर वर येत नाहीत. येतो तो अल्कोहोल आणि फुलाचा वास. पहिल्या धारेच्या दारूचे गुणगान करणारे पुष्कळ भेटतात, पण जेवणाचा सोबती म्हणून पाहिले तर ती फक्त ऊब देते, जीभ धूत नाही. तिच्याबरोबर भाजलेले, खारट, तेलकट का खावेसे वाटते ते यावरून कळावे.

मोहाकडे केवळ भट्टी म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. पैनगंगेपलीकडच्या आदिलाबादच्या राजगोंडांवर मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांचा ग्रंथ १९४८ मध्ये आला. नदीअलीकडच्या गोंडांचे देव आणि नातीगोती त्याहून फार निराळी नाहीत. मोहाची दारू पेनाला, म्हणजे देवाला, आधी शिंपडायची आणि मग माणसांनी घ्यायची, जन्म-लग्न-मरणात तिचे ठरलेले स्थान, ही एक मर्यादा होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चौऱ्याऐंशी आसवांची यादी आहे, तिच्यातल्या पुष्पासवांत मधूक म्हणजे आपला मोह आहेच. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये मोहफुले गोळा करणे, साठवणे आणि वाहून नेणे यांवरचे निर्बंध उठवले. गोव्यातून २०१८ पासून मोहाची परवानाधारक दारू बाटलीत मिळते. आमच्या जिल्ह्यातला सडवा अजून पोलिसांच्या धाडीतच सापडतो.

चरकाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट ठामपणे सांगतो. पेय आणि अन्न यांच्या जोडीचे शास्त्र युरोपातून आले असे मानणाऱ्यांनी अनुपानाचे प्रकरण वाचावे. अन्नाच्या गुणांच्या विरुद्ध गुणांचे पण शरीराला न बाधणारे पेय त्यावर घ्यावे, असा चरकाचा नियम आहे. सुश्रुताने तर कोणत्या अन्नावर काय प्यावे याची लांबलचक यादीच दिली आहे, आणि मद्याची सवय असलेल्यांसाठी मांसाबरोबर मद्य सांगितले आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने मानसोल्लासात अन्नाचा भोग आणि पेयाचा भोग शेजारी शेजारी मांडले. आजचे वाइनतज्ज्ञ तळलेल्या माशाबरोबर आंबट फसफसती वाइन सुचवतात, तेव्हा ते चरकाचाच विरुद्ध गुणांचा नियम वापरत असतात. वैद्याला पचन हवे होते आणि रसिकाला चव, एवढाच फरक.

या अभ्यासाची खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही, कारण त्यांना ती पडतच नाही. युरोपी जेवण एकामागून एक पदार्थांचे. एका पदार्थापुढे एक पेला ठेवता येतो. आपले ताट एकदम वाढले जाते. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, मध्ये पोळी-भाकरी, भात. प्रत्येक घास जेवणारा स्वतः जुळवतो, आणि पुढचा घास मागच्यासारखा नसतो. इथे पदार्थाशी जोडी लावण्याला अर्थ नाही, साऱ्या ताटाशी निभावून नेईल असेच पेय हवे.

मग जिभेचे नियम पाहावे लागतात. मिरचीतले कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या ग्राहींना चेतवते त्यांनाच अल्कोहोलही चेतवतो, म्हणून ठेच्यावर तेज दारू म्हणजे आगीत तेल. लाल वाइनमधले टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून तोंड कोरडे करते, तिखटाने आधीच पोळलेल्या तोंडाला ते आणखी खरखरीत लागते. पदार्थ पेयाहून गोड असला तर पेय आंबट आणि पोकळ भासते. पदार्थ पेयाहून आंबट असला तर तेच पेय निर्जीव होते. मीठ कडवटपणा दाबते. एवढे चार-पाच नियम हाताशी धरून वऱ्हाडी ताट पुढ्यात घ्या.

हिवाळ्यात तुरीचे सोले येतात. त्यांच्या हिरव्या, किंचित गवताळ चवीला नाशिकची सोव्हिन्यों ब्लाँ चांगली लागते, आणि इंग्लंडमधल्या बाकस नावाच्या जर्मन जातीची वाइन तिच्याहूनही चांगली लागावी, कारण तिच्यात हिरवळीचा तोच वास आणि आंबट अधिक. अंबाडीची भाजी मुळातच आंबट. तिच्यापुढे मवाळ वाइन पडते, कडक आम्लाची फसफसती तग धरते. रोडगे, वांग्याची भाजी, वरण आणि त्यावर सढळ तूप : शेणीच्या धगीचा वास, तिखट आणि स्निग्धता एकाच घासात. तूप कापायला आंबट आणि बुडबुडे दोन्ही लागतात. इंग्रजी थंड हवेतली फसफसती वाइन आणि आमच्या शेतातले रोडगे यांची गाठ पडावी असे मला मनापासून वाटते. ठेचा-भाकरीशी किंचित गोडसर, कमी अल्कोहोलची, चांगली थंड शेनँ ब्लाँ. तर्री तरंगणाऱ्या मटणाच्या रश्श्याला शिराझ घेऊ नये, कोणी कितीही आग्रह केला तरी, रोझे चालेल. शिराझ निखाऱ्यावर भाजलेल्या, कमी तिखट मांसासाठी ठेवावी. पुरणपोळीपुढे बहुतेक वाइन हरतात. गोड, उशिरा तोडलेल्या द्राक्षांची एखादी टिकते, पण कटाच्या आमटीने ते काम आधीच केलेले असते.

लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी, असे सगळ्या पुस्तकांत असते. ती खोली युरोपातली, सोळा-अठरा अंशांची. पांढरकवड्यातल्या खोलीत एप्रिलमध्ये असली वाइन काढ्यासारखी लागेल. बाटली आधी फ्रिजमध्ये घाला.

लक्षात आले असेल की या यादीत थंड प्रदेशाची, आंबट, कमी टॅनिनची, कमी अल्कोहोलची वाइन सारखी जिंकते आहे. त्याचे कारण आपल्या ताटात फार आधीपासून बसलेले आहे. ज्वारीच्या भाकरीबरोबर ताक का लागते? त्यात आम्ल आहे, मीठ आहे, थंडावा आहे, आणि थोडी स्निग्धता तिखटाला झेलायला आहे. ससेक्सची महागडी बाटली जे करते त्यातले बरेचसे गडूभर ताक करते, आणि ठेच्याच्या बाबतीत तर ताक सरस ठरते, कारण त्यात अल्कोहोल नाही आणि दुधातले प्रथिन कॅप्सेसिनला जिभेवरून सोडवते. म्हणून या क्षेत्रात येणाऱ्या मराठी माणसाने रिकाम्या हाताने आल्यासारखे वागू नये.

हे सगळे लिहिताना मी कुठे राहतो ते विसरलेलो नाही. शेजारचा वर्धा जिल्हा १९७५ पासून दारूबंदीचा, गडचिरोली १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. आमच्या जिल्ह्यातल्या बायकांनी दारूबंदीसाठी मोर्चे काढले, ते हौसेने नव्हे. घरातला कापसाचा पैसा दुकानाच्या काउंटरवर गेलेला त्यांनी पाहिला आहे. जेवणाबरोबर चवीने घोटभर पिणे निराळे आणि उपाशीपोटी झिंगेपर्यंत पिणे निराळे, हे म्हणणे खरे असले तरी त्या बायकांसमोर ते चढ्या आवाजात म्हणू नये. हा अभ्यास चवीचा आहे आणि न पिणाऱ्यालाही तो पूर्ण करता येतो. ज्यांना प्यायची आहे त्यांनी कायद्याचे वय आणि परवाना पाहावा, आणि हातभट्टीच्या वाटेला जाऊ नये.

पुढची प्रकरणे वाचण्याआधी एक करा. एकाच दिवशी तीन प्रकारचे ताक घ्या : गोडसर ताजे, मध्यम, आणि चांगले आंबलेले. मीठ घालू नका. भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा यांचा एकेक घास घेऊन प्रत्येकावर प्रत्येक ताक पिऊन पाहा, आणि जे वाटेल ते वहीत लिहा. ती वही शेजारी ठेवूनच पुढचे प्रकरण उघडा.

पांढरकवडा, ता. केळापूर, जि. यवतमाळ