नांगर आणि मासिक

कामशेतच्या बाजारात पवन मावळ आणि नाणे मावळातील गावे आजही खरेदीसाठी उतरतात. मागे एकदा स्टेशनजवळच्या दुकानात मी काही किरकोळ वस्तू घेत होतो. शेजारी उभे असलेले एक वृद्ध शेतकरी दुकानदाराला म्हणाले, "किर्लोस्कर बंद पडलाय, त्याचा वायसर द्या." त्यांना अभिप्रेत होता तो पाण्याचा पंप. त्याच आठवड्यात एम.ए.च्या वर्गात मराठी नियतकालिकांचा इतिहास शिकवायचा होता. 'किर्लोस्कर' म्हणताच काय आठवते, असे विचारले तेव्हा एका विद्यार्थिनीने 'शाकुंतल' सांगितले, तर दुसऱ्याने मासिक. पंप कोणीच सांगितला नाही. वर्गातील निम्मी मुले शेतकऱ्यांच्या घरांतली असूनही!

एकाच आडनावाचे हे तीन अर्थ. अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. १८८० साली त्यांनी 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले. त्याच गावात १८६९ साली लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म झाला. नाटककाराची नोंद साहित्याच्या इतिहासात झाली आणि कारखानदाराची उद्योगाच्या. मासिक मात्र कारखान्याच्या आवारात जन्मले, तरी आपण ते साहित्याच्या दालनात आणून बसवले आणि त्याच्या पायांची माती पुसून टाकली. ही पुसलेली माती पुन्हा पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू.

मावळात राहणाऱ्याला औद्योगिक इतिहास शोधायला फार दूर जावे लागत नाही. लोणावळ्याच्या परिसरात टाटांनी धरणे बांधली आणि १९१५ पासून खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. तिथे भांडवल मोठे होते आणि गिऱ्हाईक आधीच तयार होते. इकडे तळेगावला १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना अशी, की प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्या निधीतून देशी उद्योग उभारावेत. लोकमान्यांचा तिला पाठिंबा होता. या कारखान्याने काचकामाचे शिक्षण दिलेली माणसे पुढे ठिकठिकाणी गेली. पैसा फंडाने दात्याच्या देशप्रेमाला हाक घातली होती. लक्ष्मणरावांपुढचा प्रश्न वेगळा होता. देशप्रेमापोटी माणूस एक पैसा देईल, फार तर एखादी देशी बरणीही विकत घेईल. पण ज्यावर वर्षाचे पीक अवलंबून आहे ते अवजार देशप्रेमापोटी कोणी बदलत नाही.

लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. कलाशाळेत गेले ते चित्रकार होण्यासाठी. काही रंग आपल्याला ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर त्यांनी रंग सोडले आणि यंत्ररेखनाची वाट धरली. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत ते शिक्षक झाले. बेळगावात भाऊ रामूअण्णा यांच्यासह त्यांनी सायकलींचे दुकान काढले, नोकरी सोडली आणि कडबा कापण्याच्या यंत्रापासून शेतीच्या अवजारांकडे वळले. १९०३ साली लोखंडी नांगर तयार झाला. ही चरित्रकथा अनेकांना ठाऊक आहे, तिचा विस्तार इथे नको. मला महत्त्वाचे वाटते ते रेखन.

लाकडी नांगर कागदावर कधीच नसतो. तो सुताराच्या हातात आणि डोळ्यांत असतो. बाभळीचे खोड जसे वाकलेले मिळेल तसा नांगर वाकतो. बैलांची उंची आणि धरणाऱ्याचा हात पाहून रुमणे बसते. प्रत्येक नांगर ही एक स्वतंत्र कृती. कारखान्यातला नांगर आधी कागदावर उतरतो, मग त्याचा लाकडी नमुना होतो, नमुन्यावरून वाळूचा साचा आणि साच्यात बीड. पहिल्या नांगराचा फाळ शंभराव्या नांगराला बसला पाहिजे, अन्यथा तो कारखाना नव्हे, मोठी लोहारशाळा. हस्तलिखित आणि छापील पुस्तक यांत जो फरक आपण विद्यार्थ्यांना समजावून सांगतो, तोच हा फरक. एकसारखेपणा हे घाऊक उत्पादनाचे मर्म, आणि ते रेषेपासून सुरू होते. रंग न दिसणाऱ्या पण रेषा पक्की असणाऱ्या माणसाने हे काम हाती घ्यावे, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे.

अमेरिकेत याच सुमारास फ्रेडरिक टेलरचा शास्त्रीय व्यवस्थापनावरील ग्रंथ निघाला (१९११) आणि १९१३ साली हेन्री फोर्डने मोटारींची जुळणी सरकत्या पट्ट्यावर आणली. आपल्याकडील लेखांत लक्ष्मणरावांना 'भारताचे फोर्ड' म्हणण्याची हौस अधूनमधून दिसते. ती मला फसवी वाटते. फोर्डच्या देशात मोटार हवी असणारे लोक होते, प्रश्न किमतीचा होता. बेळगावच्या पंचक्रोशीत लोखंडी नांगर कोणालाच नको होता. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. दोन वर्षे! भट्टी, माणसे, माल सगळे तयार आणि गिऱ्हाईक नाही. फोर्डने मोटार घाऊक केली. लक्ष्मणरावांना नांगराआधी त्याचे गिऱ्हाईक घडवावे लागले. त्यांच्या व्यवस्थापनाचा सगळा विचार या एका अडचणीतून वाढला आहे, असे मला वाटते.

शेतकऱ्याच्या अविश्वासाला निव्वळ अंधश्रद्धा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्याची बाजूही पाहिली पाहिजे. लाकडी नांगर मोडला तर सुतार गावातच होता. त्याला रोख पैसा द्यावा लागत नसे, सुगीला बलुते दिले की झाले. लोखंडी नांगराला रोख रक्कम हवी. फाळ झिजला तर तोच फाळ हवा, आणि तो गावात मिळत नाही. शिवाय हरळी-कुंद्याने माजलेली काळी जमीन खोल उलथायची, तर मोठ्या नांगराला बैलांच्या एकाहून अधिक जोड्या लागत. लहान शेतकऱ्याने त्या आणाव्यात कुठून? आमच्या मावळातल्या भातखाचरांत तर चिखलणीला हलका नांगरच सोयीचा. म्हणजे शेतकरी नुसते अवजार बदलत नव्हता. तो बलुत्याच्या व्यवहारातून बाजाराच्या व्यवहारात पाऊल टाकत होता. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ चा, याच दशकातला. आत्र्यांना बलुतेदारीबद्दल हळवेपणा नव्हता. तिची कुरकुर त्यांनी नेमकी ऐकली होती. 'गावगाडा' शिकवताना त्याच्याशेजारी हा नांगर ठेवून पाहावा. एकात गाड्याचे चाक कसे अडते ते दिसते, दुसऱ्यात त्या गाड्याबाहेरून येऊ घातलेली वस्तू.

बेळगावची जागा नगरपालिकेच्या विस्तारयोजनेत गेली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा माळ आणि दहा हजार रुपयांचे कर्ज देऊ केले. १९१० साली निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. बाळासाहेब स्वतः चित्रकार. एका चित्रकार राजाने चित्रकला सोडलेल्या कारखानदाराला जागा दिली! जागा रेल्वेलगत होती, ही गोष्टही लहान नव्हे. बीड आणि कोळसा आत यायचा आणि नांगर बाहेर जायचे ते मालगाडीनेच.

या वाडीतल्या माणसांची निवड पाहण्यासारखी आहे. वसाहतीचा कारभार रामूअण्णांकडे, हिशेब मंगेशराव रेग्यांकडे. यंत्रे शंभुराव जांभेकर पाहत. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर कल्पक यंत्रज्ञ ठरले, आणि रात्रीच्या रखवालीला दरोड्याची शिक्षा भोगलेली माणसे नेमली गेली. वाडीत अस्पृश्यता पाळायला बंदी होती. टेलरच्या विचारात माणसाचे काम घड्याळावर मोजून त्याचे तुकडे पाडले जातात. इथे माणूस आधी निवडला जातो आणि मग त्याला काम सापडते. यात वडीलधारेपणा होताच. मालकाच्या घराभोवती गाव वसवण्याची ही पद्धत आजच्या कामगाराला गुदमरवणारी वाटेल. त्या काळी, त्या माळावर, निवड करण्याजोगे कुशल मनुष्यबळ मात्र नव्हतेच. महायुद्धात बीड आणि कोळसा मिळेनासा झाला तेव्हा जुन्या तोफा वितळवून नांगर ओतल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. भाषणांतून ती फार वापरली गेली आहे, म्हणून तिच्याकडे फक्त बोट दाखवून पुढे जातो.

फोर्डने १९२२ साली आपले विचार आत्मकथनात मांडले. लक्ष्मणरावांचे विचार आपल्यापर्यंत येतात ते मुख्यतः घरच्या लेखण्यांतून: पुतणे शंकरराव यांचे 'यांत्रिकाची यात्रा' हे चरित्र आणि पुत्र शंतनुराव यांचे 'कॅक्टस अँड रोझेस' हे इंग्रजी आत्मचरित्र. घरच्या लेखणीत आदर अधिक असतो, हे गृहीत धरूनच ती वाचावीत. पण शंकररावांनी चरित्राहून मोठे काम केले होते. १९२० साली किर्लोस्कर बंधूंची मर्यादित कंपनी झाली आणि त्याच वर्षी 'किर्लोस्कर खबर' निघाले. शंकररावही मुळात चित्रकलेचे. कारखान्याचा माल, त्याचा उपयोग, वाडीतील घडामोडी ही या पत्राची मूळ सामग्री. मराठीतल्या एका प्रमुख मासिकाचा उगम असा विक्रीखात्यात आहे.

हे सांगताना आमच्या क्षेत्रातील मंडळी थोडी ओशाळतात, असा माझा अनुभव आहे. 'सुरुवातीला ते गृहपत्र होते, पण पुढे…' या वाक्यातला 'पण' पाहा. जणू व्यापार हे मासिकाचे बालपणीचे दुखणे आणि पुढे ते बरे झाले. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. पुढच्या 'किर्लोस्कर'मध्ये जे गुण आपण वाखाणतो, ते त्या विक्रीखात्यातच घडले. नांगर का घ्यावा हे न घेणाऱ्याला पटवायचे, तर वाक्य छोटे हवे, उपयोग आधी सांगायला हवा, चित्र हवे, आणि 'पूर्वापार चालत आले आहे' या सबबीला उत्तर हवे. जमिनीला विष चढते या समजुतीशी ज्यांना दोन वर्षे झुंजावे लागले, त्यांच्या मासिकात पुढे सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध आले, यात मला आश्चर्य वाटत नाही. रूढीला 'याचा उपयोग काय?' असा सरळ प्रश्न विचारणारी या मासिकाची वृत्ती मला तरी सुधारकी परंपरेइतकीच नांगराच्या जाहिरातीतूनही आलेली दिसते. १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' निघाले. एकाच आवारातून, वेगवेगळ्या वाचकांसाठी वेगवेगळी मासिके! कारखान्यात जसे एका भट्टीतून चरक, पंप आणि नांगर निघतात, तशी ही योजना होती. वाचक म्हणजे एकसंध रसिकसमाज नव्हे, त्याचे गट असतात आणि प्रत्येकाची गरज निराळी असते, हे साहित्यिकांच्या आधी कारखानदारांना कळले होते.

पण इथे एक फट राहिली, आणि तिच्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही. नांगर घेणारा बहुधा निरक्षर होता. मासिकाला वाचक मिळाला तो प्रामुख्याने शहरा-तालुक्यांतल्या नोकरदार, शिक्षक, वकिलांच्या घरी. जिथे मागणी तिथे माल, हा धंद्याचा नियम मासिकाने पाळला आणि नांगर व मासिक यांच्या वाटा फुटल्या. पुढे 'खबर' हा शब्द गळाला आणि 'किर्लोस्कर' उरले. शेतकऱ्याला पटवण्यासाठी घडलेले गद्य शेतकऱ्याला सोडून मध्यमवर्गाचे झाले. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीही सापडली. कारखाना आणि घरे जळाली. त्या आगीची कारणे जातीय आणि राजकीय होती, मासिकाच्या वर्गणीदारांच्या यादीत ती शोधणे भाबडेपणाचे होईल. तरीही वाडीने मध्यमवर्गीय घरांत जेवढा संवाद निर्माण केला, तेवढा आसपासच्या गावांशी केला होता का, हा प्रश्न ते जुने अंक चाळताना मला दर वेळी पडतो.

जुने अंक चाळताना म्हणालो खरे, पण त्यातही एक अडचण आहे. एका ग्रंथालयात मी हे बांधीव खंड पाहिले तेव्हा मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने बांधणीच्या वेळी काढून टाकलेली होती. कथा आहेत, लेख आहेत, नांगर नाही. अभ्यासकाने मासिकाला शुद्ध साहित्य समजावे अशी सोय बांधणाऱ्यानेच करून ठेवलेली! ही तक्रार मी वर्गात केली. पुढच्या आठवड्यात वडगावची एक विद्यार्थिनी घरच्या माळ्यावरचा एक सुटा अंक घेऊन आली. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण जाहिराती शाबूत. मागच्या पानाच्या कोऱ्या जागेत कोणीतरी शिसपेन्सिलीने आकडे मांडले होते. पणजोबांचे अक्षर असावे, असे ती म्हणाली. हिशेब भाताच्या पोत्यांचा होता.